गाडीचा ‘कोड’ आणि गरिबाचा खिसा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. बाहेर धो धो पाऊस आणि आमचा फोन वाजला. मिऱ्याहून भाचा बोलत होता. “मामा, गाडी चालूच होत नाही. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. स्टेशनवर पॅसेंजर उभे आहेत. काय करू?”

भाच्याची गाडी म्हणजे जुनी घेतलेली एक लहान डिझेल गाडी. रत्नागिरी स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांना गणपतीपुळे, पावस, जयगड असे फिरवून आणायचे आणि त्यावर घर चालवायचे. सुरुवातीला भरायच्या पैशांपैकी ६० हजार रुपये आमच्या आक्काने बचत गटातून उचललेले. बाकीचे कर्ज फायनान्सचे. दर महिन्याच्या दहा तारखेला ७,४०० रुपयांचा हप्ता. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

दुपारी गाडी ओढून शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथे स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला मशीन लावले. मशीनवर अक्षरे आली, ‘यू ०१००’. गॅरेजवाल्यांनी सांगितले, “इंजिनचा कॉम्प्युटर गेला. नवीन टाकावा लागेल. पार्टचे ३४ हजार आणि प्रोग्रॅमिंगचे ४ हजार.” म्हणजे सरळ ३८ हजार रुपये.

संध्याकाळी आक्का आमच्या घरी आली. रुमालात बांधलेल्या सोन्याच्या कुड्या तिने टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “भाऊ, उद्या ऑफिसला जायच्या आधी सोनाराकडे जाऊन येशील का? पोराचा धंदा बंद पडला तर हप्ता कुठून भरायचा?”

आम्ही पडलो कारकून. गाडीतले आम्हांला काही कळत नाही. पण हिशेबातले थोडे कळते. आम्ही भाच्याला एकच विचारले, “कॉम्प्युटर गेला, हे कोणी तपासून पाहिले?”

तो म्हणाला, “तपासायचे काय, मामा? मशीननेच सांगितले.”

आमच्या ऑफिसात तेरीज जुळली नाही तर कोणी नवी खातेवही विकत आणत नाही. एकेक व्हाउचर काढून बघावे लागते आणि बहुतेक वेळा चूक एखाद्या आकड्यात सापडते. गाडीच्या बाबतीत वेगळे का असावे? आक्काला म्हटले, “कुड्या घरी घेऊन जा. एक दिवस थांबू.” त्या एका दिवसात आम्ही जे पाहिले आणि नंतर विचारून, वाचून जे समजून घेतले, ते आज वाचकांसमोर ठेवत आहोत. आपल्या वस्त्यांतून आज अनेक मुले टॅक्सी, टेम्पो, पिकअप चालवतात. त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावे.

गाडीत कॉम्प्युटर आला कुठून?

अँबॅसॅडर, पद्मिनी आणि पहिल्या मारुती ८०० च्या काळात इंजिनला कार्ब्युरेटर असे. मिस्त्री कान लावून आवाज ऐकत, स्क्रू थोडा फिरवत आणि गाडी सुरळीत होई. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. ‘भारत स्टेज’ या नावाने हे नियम आपल्याकडे ओळखले जातात. त्यांतला चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशाला लागू झाला आणि पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा लागू झाला. इतके काटेकोर नियम पाळायचे तर इंधन थेंबाथेंबाने मोजून द्यावे लागते. ते काम स्क्रूने होत नाही. म्हणून कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी इंजिनचा कॉम्प्युटर आला. गॅरेजमध्ये त्याला ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ म्हणतात. याच नियमांबरोबर, गाडीने आपल्या बिघाडाची नोंद आपणच ठेवली पाहिजे, हेही बंधन आले. त्या नोंदीलाच आपण ‘कोड’ म्हणतो.

इंजिनच्या पाठोपाठ ब्रेकसाठी (एबीएस), स्टिअरिंगसाठी, एअरबॅगसाठी, दरवाजे-दिव्यांसाठी आणि समोरच्या मीटरसाठी असे वेगवेगळे लहान कॉम्प्युटर गाडीत आले. त्यांना एकमेकांशी बोलावे लागते. इंजिन किती फेरे घेते आहे हे मीटरला हवे असते, चाक घसरते आहे का हे इंजिनला हवे असते. प्रत्येक निरोपासाठी वेगळी वायर टाकायची तर गाडीत वायरींचे जंगलच झाले असते. यावर जर्मनीच्या बॉश कंपनीने तोड काढली आणि १९८६ साली ती जगापुढे मांडली. तिचे नाव ‘कॅन’. एकमेकींना पीळ दिलेल्या फक्त दोन वायरी, आणि सगळे कॉम्प्युटर त्याच दोन वायरींवर बसवलेले. एकाने बोलायचे आणि सगळ्यांनी ऐकायचे. दोघांनी एकदम तोंड उघडले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा त्याला आधी वाट मिळते.

‘यू ०१००’ म्हणजे गैरहजेरी

आता कोडाकडे येऊ. कोडाचे पहिले अक्षर बिघाड कोणत्या खात्यातला हे सांगते. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअर, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखे चासीचे भाग आणि ‘यू’ म्हणजे या कॉम्प्युटरांमधले बोलणे. ‘यू ०१००’ चा अर्थ इतकाच, की इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. याच घरातले ‘यू ०१०१’ म्हणजे गिअरच्या कॉम्प्युटरशी आणि ‘यू ०१२१’ म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ‘यू ०१००’ हा कोड इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः लिहीत नाही. इंजिनचे निरोप सेकंदाला अनेक वेळा येत असतात. ठरलेल्या वेळात ते आले नाहीत, की एबीएस, स्टिअरिंग, मीटर हे बाकीचे कॉम्प्युटर आपापल्या वहीत नोंद करतात, ‘इंजिन बोलत नाही’.

शाळेतल्या हजेरीसारखेच हे आहे. गुरुजी नाव पुकारतात, मुलगा ‘हजर’ म्हणत नाही, गुरुजी पटावर गैरहजेरी मांडतात. मुलगा का आला नाही, हे पटावर नसते. तो आजारी असेल, पऱ्ह्यावरचा साकव वाहून गेला असेल, किंवा घरात पोटाला काही नसल्यामुळे तो उठलाच नसेल. गाडीतही तसेच. साकव म्हणजे त्या दोन वायरी. पोटातले अन्न म्हणजे कॉम्प्युटरला मिळणारा करंट आणि अर्थ. ही दोन्ही कारणे तपासल्याशिवाय कॉम्प्युटरच गेला असे ठरवणे म्हणजे गैरहजर मुलाचे नाव पटावरून कायमचे खोडण्यासारखे आहे.

ज्यांनी भाच्याला ३८ हजार सांगितले त्यांनी फसवले, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी मशीनवरचे वाचले आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला. कॉम्प्युटर जळतो, पाणी जाऊन खराब होतो, हेही खरे. पण तो निष्कर्ष सगळ्यांत शेवटी काढायचा असतो. आधी काढला तर त्याची किंमत गाडीच्या मालकाला मोजावी लागते.

प्रत्यक्ष शोध कसा लागला

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एका ओळखीच्या माणसाने आयटीआय शिकलेल्या एका तरुण ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेले. पत्र्याची लहानशी शेड, एक टेबल, एक स्कॅनर, एक मल्टिमीटर आणि बाराव्होल्टी बल्बला दोन वायरी जोडलेला एक टेस्ट लॅम्प. त्याने भाच्याला पहिला प्रश्न केला, “दादा, चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो का?” भाचा आठवून म्हणाला, “कधी लागतो, कधी लागत नाही. लागला तरी मिचमिचतो.” तरुण म्हणाला, “मग आधी त्याला जेवायला मिळते का ते बघू.”

चावी चालू केल्यावर तो दिवा क्षणभर लागलाच पाहिजे, असा नियम आहे. तो लागतच नसेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज पोचत नसावी, ही पहिली शंका घ्यायची. एवढी एक खूण चालकाला माहीत असली तरी पुढचा बराच घोळ वाचतो.

त्यानंतर त्याने जे केले ते आम्ही वहीत क्रमाने उतरवून घेतले. ते असे :

१. बॅटरी मोजली. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना ती दहाच्या फार खाली जाता कामा नये. बॅटरी लंगडी असेल तर कॉम्प्युटर मध्येच बंद पडून पुन्हा उठतात आणि एकमेकांविरुद्ध खोट्या तक्रारी लिहून ठेवतात. भाच्याची बॅटरी चांगली निघाली.

२. फक्त इंजिनच नव्हे, सगळे कॉम्प्युटर स्कॅन केले आणि कोण कोणाविरुद्ध तक्रार करतो ते कागदावर लिहिले. एबीएस, स्टिअरिंग आणि मीटर बोलत होते. तिघांचीही तक्रार एकच, इंजिन बोलत नाही. म्हणजे मुख्य रस्ता चालू आहे आणि इंजिनच्या फाट्यावर काहीतरी अडले आहे. स्कॅनरशी कोणीच बोलले नसते, तर मुख्य वायरी, सॉकेट किंवा सॉकेटचा फ्यूज यांच्यावर संशय गेला असता.

३. कोड लिहून घेतल्यावर ते पुसले आणि चावी पुन्हा फिरवली. कोड लगेच परत आला. म्हणजे बिघाड आजचा आहे. पूर्वी कधी बॅटरी बदलताना पडलेला जुना कोड वहीत तसाच राहिलेला असू शकतो. तो पुसला की परत येत नाही.

४. बॅटरीची काळी वायर सोडून सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर ओहम मोजले. या दोन पिना म्हणजे ‘कॅन’च्या दोन वायरी. या वायरींच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो. शाळेच्या विज्ञानात समांतर जोडणी शिकलेल्या मुलांना उत्तर लगेच येईल, दोघांचे मिळून ६०. मीटरने ६० च्या जवळ आकडा दाखवला. म्हणजे साकव शाबूत. १२० आला असता तर एका टोकाकडे वायर तुटली आहे असे समजले असते, आणि शून्याजवळ आला असता तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत असे. काही नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे ‘गेटवे’ नावाचा आणखी एक कॉम्प्युटर असतो. तिथे हा हिशेब असाच लागू होत नाही, कंपनीचा नकाशा पाहावा लागतो.

५. इंजिनच्या कॉम्प्युटरचे फ्यूज आणि मेन रिले तपासला. फ्यूज नुसता डोळ्यांनी न बघता टेस्ट लॅम्प लावून बघितला. कारण वायरीची एकच तार उरलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्बचा भार पडला की ते ढोंग उघडे पडते. इथे बल्ब लखलखीत पेटला. म्हणजे करंट पोचत होता.

६. राहिला अर्थ. मीटरची एक वायर कॉम्प्युटरच्या अर्थच्या पिनेवर, दुसरी बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर लावली आणि चावी फिरवली. अर्थ चांगला असेल तर इथे जवळपास काहीच दिसू नये, ०.२ व्होल्टच्या आत असावे. मीटरवर आकडा आला ३.४ व्होल्ट.

तो तरुण हसला आणि म्हणाला, “काका, सापडला.”

बॅटरीचा ट्रे काढला. खाली बॉडीच्या पत्र्याला अर्थच्या वायरी एका बोल्टने आवळलेल्या होत्या. त्यांच्या टोकाचा लग हिरव्या-पांढऱ्या भुकटीने भरून गेला होता. बोटाने ओढताच वायर लगमधून सुटून हातात आली. बारा व्होल्टांतले साडेतीन व्होल्ट या एका सांध्यात अडत होते. स्टार्टर मारला की उरलेले आणखी घटत आणि बिचारा कॉम्प्युटर उठता उठता झोपी जाई.

त्याने वायर मागे निरोगी तांब्यापर्यंत सोलली, नवा लग दाबून बसवला, पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि वरून गंज रोखणारे ग्रीस लावले. कोड पुसले. चावी फिरवली. पिवळा दिवा ठामपणे लागला आणि पहिल्याच स्टार्टरला इंजिन चालू झाले. त्याने वीस मिनिटे गाडी चालवून, खड्ड्यातून नेऊन, पुन्हा सगळे स्कॅन केले. एकही कोड नाही. बिल झाले १,२५० रुपये. स्कॅनिंगचे ५००, सामानाचे १५० आणि मजुरीचे ६००.

समुद्राच्या हवेत ताक कळकते तसे

आमच्या घरी पितळेचे एक जुने पातेले आहे. कल्हई उडाली की त्यात ठेवलेले ताक कळकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. गाडीच्या कपलरमधल्या बारीक पिनांनाही कथलाचा असाच पातळ मुलामा असतो. तो झिजला, आत ओल शिरली, की तांबे हिरवे पडते. त्यात आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. तांब्याचा लग आणि लोखंडी पत्रा एकत्र आवळलेले असले, की त्यांच्यामध्ये गेलेले खारे पाणी बॅटरीसारखे काम करते आणि धातू खात जाते. आरे-वारेच्या किनाऱ्याने दिवसातून दोनदा जाणारी, रात्री मिऱ्याच्या वाऱ्यात उभी राहणारी गाडी आणि घाटावरची कोरड्या हवेतली गाडी यांचे आयुष्य सारखे नसते.

दुसरा शत्रू उंदीर. पावसात तो ऊब शोधत बॉनेटखाली येतो आणि वायरी कुरतडतो. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या लोक ठेवतात, पण त्यावर फार विसंबू नये. गाडी रोज वापरणे, बॉनेटखालचा पालापाचोळा काढणे, गाडीत खाण्याचे जिन्नस न ठेवणे आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का ते बघणे, हे जास्त उपयोगाचे.

‘कॅन’ची वायर खरोखरच तुटलेली निघाली तर जोड कसा देतात याकडे लक्ष ठेवावे. दोन्ही वायरींचा पीळ शक्य तितका कायम राहिला पाहिजे. पीळ असल्यामुळेच बाहेरचा विजेचा गोंगाट त्या दोघींवर सारखाच पडतो आणि कॉम्प्युटर तो वजा करू शकतो. सांधा नीट जोडून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसती काळी टेप कोकणच्या पावसात टिकत नाही. तपासताना सुई टोचून वायरीला भोक पाडण्याची सवयही वाईट. त्या भोकातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी तिथेच नवा बिघाड होतो.

आणखी काही पथ्ये. इंजिनवर जोराच्या पाण्याचा पाइप मारू नये. गाडीला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी सोडावी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने चालू करताना लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर मात्र कॉम्प्युटर खरोखरच जळू शकतो. एअरबॅगच्या वायरींचे कपलर बहुधा पिवळे असतात आणि विजेवरच्या गाड्यांच्या मोठ्या दाबाच्या केबल नारिंगी. या दोहोंना घरगुती कारागिराने हात लावू नये. जिवाशी गाठ आहे.

पुरातून निघालेली गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तो दिवस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. घरेदारे, दुकाने यांच्याबरोबर असंख्य गाड्या चिखलपाण्यात बुडाल्या. अशी गाडी वाळवून चालू केली तरी कपलरमध्ये राहिलेला गाळ आपले काम करीतच राहतो. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, एकेक ‘यू’ कोड डोके वर काढतो. म्हणून बुडालेल्या गाडीची चावी फिरवून बघण्याचा मोह आवरावा. आधी बॅटरी सोडावी आणि गाडी ओढून न्यावी. पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात मोडले तर साध्या विम्यात तो खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. किनाऱ्यावर आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी विमा भरताना हे विचारून घ्यावे.

जुनी गाडी घेतानाही सावध असावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, खालच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का. गालिचा उचलून बघावा. आणि पैसे देण्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांचे स्कॅन करून घ्यावे. मोबाइलला जोडायचे काही शे रुपयांचे स्कॅनर बाजारात मिळतात, पण त्यांतले बहुतेक फक्त इंजिनशीच बोलतात. इंजिनच गप्प असेल तर ते नुसते ‘जोडणी होत नाही’ असे दाखवतात. सगळ्या कॉम्प्युटरांशी बोलणारा स्कॅनर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडेच मिळतो.

चार प्रश्न विचारायला लाजू नका

आपल्या माणसांची एक सवय आम्ही पाहिली आहे. दवाखाना, कचेरी आणि गॅरेज या तीन ठिकाणी आपण मान खाली घालून ऐकतो. आपल्याला कळत नाही, मग विचारावे कशाला, असे वाटते. पण पैसे आपले जाणार असतात. म्हणून महागडा पार्ट बदलायला सांगितला तर शांतपणे चार प्रश्न विचारावेत :

कोणकोणत्या कॉम्प्युटरमध्ये कोणते कोड आले, ते लिहून द्याल का?

कॉम्प्युटरला करंट आणि अर्थ पोचतो का, ते भार टाकून मोजले का? आकडा किती आला?

‘कॅन’च्या वायरींचे ओहम किती आले?

पार्ट बदलूनही बिघाड तसाच राहिला तर पैशाचे काय? आणि जुना पार्ट परत मिळेल ना?

ज्याने खरोखर तपासले आहे त्याला हे प्रश्न टोचत नाहीत. उलट तो आनंदाने आकडे दाखवतो. भंगारातून जुना ईसीएम आणून बसवतो, असे कोणी म्हणाले तर तिथेही थांबावे. आजच्या बहुतेक गाड्यांत ईसीएमची चावीशी गाठ घातलेली असते. ती जुळवल्याशिवाय इंजिन चालू होत नाही आणि पैसे दोनदा जातात. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, पावती घ्यावी. खरोखर फसवणूक झाली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण कागद हातात नसेल तर कायदाही फार मदत करू शकत नाही, हे कारकून म्हणून आम्ही खात्रीने सांगतो.

शेवटी आणखी एक सांगावेसे वाटते. त्या पत्र्याच्या शेडमधल्या तरुणाजवळ मोठ्या गॅरेजहून जास्त यंत्रे नव्हती. क्रमाने तपासण्याची शिस्त मात्र त्याच्याकडे होती आणि आकडा बघितल्याशिवाय तो बोलत नव्हता. आमच्या मुलांनी नुसते चालवायला शिकून थांबू नये. मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. येत्या काळात गाड्यांत कॉम्प्युटर वाढतच जाणार आहेत आणि त्यांचे बोलणे समजणाऱ्या माणसाला काम कमी पडणार नाही.

दहा तारखेला भाच्याने हप्ता वेळेवर भरला. त्यानंतर त्याने स्वतःसाठी एक मल्टिमीटर घेतला. आता महिन्यातून एकदा तो बॅटरीचा ट्रे काढून अर्थचा बोल्ट बघतो. मागच्या रविवारी आक्काकडे जेवायला गेलो होतो. वाढताना ती पुढे वाकली तेव्हा कुड्या तिच्या कानात दिसल्या. आम्ही काही बोललो नाही. तीच हसून म्हणाली, “भाऊ, तू त्या दिवशी थांब म्हणालास म्हणून.”